महाप्रसादाचं नाव घेत नाहीत

अंतोनसाहेब,

आज सकाळी मी डोकं भादरून घेतलं आणि मिशाही काढल्या. तुम्हाला त्या मिशांचा फार राग. एक दिवस इंजिनच्या पट्ट्यात अडकतील आणि अख्खी गिरणी बंद पाडतील, असं तुम्ही हमालांसमोर म्हणायचात. आता तो धोका टळला. स्टेशनाजवळच्या पिंपळाखाली बसणारा नाऊ, ज्याच्याकडे तुम्ही दर रविवारी दाढीला बसायचात, त्यानेच माझ्या डोक्याला पाणी चोळलं, वस्तरा पाजळला आणि विचारलं, "बाबूजी, कोन गेलं जी?"

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, भाऊ मला नाही आणि आई घरात धडधाकट आहे, हे त्याला माहीत आहे. म्हणून तर त्याने विचारलं. मी म्हणालो, आधी काम कर, मग सांगतो. तो वस्तरा फिरवत राहिला आणि मी खाली पडणारे केस बघत, याला काय सांगायचं, याचा विचार करत राहिलो. काय सांगितलं ते शेवटी लिहितो. त्याआधी तुमच्याशी बरंच बोलायचं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं तुम्ही असतानाच बोलायला हवं होतं.

तुम्ही गेल्याचं मला मंगळवारी कळलं. तारेच्या कुंपणाआडच्या त्या छावणीत तुमच्या शेजारच्या खाटेवर जे ज्यू डॉक्टर होते, ते सुटले आणि सुटल्यावर त्यांनी मला पत्र लिहिलं. सरकारकडून काही आलं नाही. येणार तरी कसं? मी तुमचा कोण? गोंदियाच्या एका राइस मिलमधला चिठ्ठीपत्रीचा बाबू, बरं इंग्रजी येतं म्हणून ठेवलेला. कैद्याच्या कागदावर बाप, बायको, भाऊ यांच्यासाठी जागा असते. माझ्यासाठी नव्हती.

शेठजींनी जर्मनीहून धान सडून तांदूळ काढायची नवी यंत्रं मागवली आणि ती बसवायला तीन महिन्यांसाठी तुम्हाला आणलं. तुम्ही राहिलात तीन वर्षं. पहिल्या दिवशी तुम्ही चालू यंत्राच्या बेअरिंगला एका काठीचं टोक लावलंत आणि दुसरं टोक कानाला लावून डोळे मिटलेत. हमाल हसले. एकजण म्हणाला, साहेब यंत्राची नाडी पाहून राहिला. तुम्ही बोटाने एक बेअरिंग दाखवलंत आणि हे आठवडाभर टिकणार नाही म्हणालात. ते पाचव्या दिवशी गेलं. त्यानंतर तुम्ही काठी कानाला लावलीत की सगळी गिरणी आपोआप गप्प व्हायची. पुढे चिचगडच्या बाजारातून मी तुम्हाला तेंदूची एक गुळगुळीत काठी आणून दिली. ती आता माझ्या टेबलाला टेकून उभी आहे.

मी तुम्हाला धान चावायला शिकवलं. दाणा दाताखाली धरायचा, कट्ट वाजला तर सुकलेला, दबला तर ओला, अजून पोत्यात भरू नये. तुम्ही म्हणालात, म्हणजे तुम्हीही कानानेच काम करता, फक्त काठी तोंडात ठेवता. मला हे फार आवडलं होतं. घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, त्या मानसाले जेवाले आन.

आणि तुमची भाषा! मी तुम्हाला शाळेतलं शुद्ध मराठी शिकवायला बसलो होतो, पण तुम्ही बोलायला शिकलात ते हमालांकडून. शेठजींनी हाक मारली की सहा फुटांचा गोरा माणूस इंजिनघरातून ओरडायचा, "येऊन राहिलो जी!" आणि घरी निघताना ओरडायचा, "जाऊन राहिलो!" तुम्हाला मी किती वेळा बजावलं. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. जातो म्हणणारा माणूस परत येत नाही, असं मानतात आमच्याकडे. तुम्ही वाद घातलात. जाणारा माणूस येतो म्हणत असेल तर ते खोटं नाही का? खोटं नाही, मी म्हणालो, ते मागे राहणाऱ्यासाठी असतं. तुम्हाला हे पटायला वर्ष लागलं, आणि पटल्यावरही जिभेची सवय गेली नाही.

तो फोटो मी बघितला तेव्हा श्रावण होता. गिरणी बंद होती, तुम्ही यंत्रं उघडून साफ करत होता आणि मी उगाच गप्पा मारायला बसलो होतो. तुमच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवलेला होता. बागेतल्या बाकावर दोन माणसं. एक तुम्ही, पुष्कळ केस असलेले. दुसरा बारीक, चष्मेवाला, तुमच्या खांद्यावर हात ठेवून हसणारा. मी विचारलं, भाऊ का? तुम्ही नाही म्हणालात. मित्र? तुम्ही म्हणालात, मित्र हा शब्द पुरत नाही. त्याचं नाव पाउल, तो पियानो सुरात लावायचं काम करायचा, आणि आम्ही नऊ वर्षं दोन खोल्यांत एकत्र राहिलो.

मला समजावून सांगायची खोड आहे. कुणाचं वाक्य अर्धं राहिलं की ते पुरं केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी लगेच म्हणालो, म्हणजे तो तुमचा महाप्रसाद.

तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात आणि मी तुम्हाला सगळं सांगितलं. आमच्या या भागात दोन माणसं, एका रक्ताची नाहीत, कधी एका जातीचीही नाहीत, जगन्नाथाच्या प्रसादाचा सुकवलेला भात एकमेकांना भरवतात आणि जन्माचे बांधले जातात. एकाची आई ती दुसऱ्याची आई. एकाच्या घरी मरण आलं की दुसऱ्याने सुतक धरायचं, डोकं भादरायचं. आणि तेव्हापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची ती महाप्रसाद म्हणूनच. रस्त्यात भेटले तर सीताराम महाप्रसाद म्हणायचं. लग्न एक वेळ मोडेल, मी म्हणालो, हे मोडत नाही.

 तुम्ही विचारलंत, "आणि सरकार त्यांना तुरुंगात टाकत नाही?"

मला हसू आलं. "कायले टाकेल?"

"तर मग हो," तुम्ही म्हणालात. "तो माझा महाप्रसाद."

मग तुम्ही सांगितलंत. तुमच्या देशात नाझी राज्य आलं आणि तुमच्यासारख्यांच्या याद्या होऊ लागल्या. जिन्यात भेटणाऱ्या शेजारणीने पोलिसांना कळवलं, दोन खोल्यांत पलंग एकच आहे म्हणून. तुम्हा दोघांना धरलं. शिक्षा भोगून तुम्ही सुटलात, आणि यंत्रांच्या कंपनीतल्या एका भल्या माणसाने तुम्हाला हिंदुस्थानच्या बोटीवर चढवलं. पाउल सुटले, पण तुरुंगाच्या दारातूनच त्यांना दुसऱ्या गाडीत घातलं आणि एका छावणीत नेलं. त्यांच्या बहिणीच्या पत्रात होतं की तिथे कैद्यांच्या सदऱ्यावर खुणा शिवतात, आणि पाउलच्या सदऱ्यावर गुलाबी कापडाचा तिकोन आहे. मी म्हणालो, गुलाबी? आमच्याकडे तर तो लग्नातल्या फेट्याचा रंग. तुम्ही नुसती मान हलवलीत.

तुम्ही पलंगाचंही सांगितलंत. तरी मला कळलं नाही, हे आज कोण मानेल? आमच्या घरात लग्नकार्याला वीस माणसं तीन सतरंज्यांवर झोपलेली मी पाहिली आहेत. एका पलंगावर दोन पुरुष झोपले यात पोलिसांना सांगण्यासारखं काय असतं? मी माझ्यापुरता अर्थ लावला. ज्या राज्यात सगळ्यांनी एकाच माणसाशी इमान राखायचं, त्या राज्याला असले जोड कसे चालतील, म्हणून टाकलं तुरुंगात. मोठ्या समजुतीने मी तुमच्या पाठीवर हात ठेवला. तुम्हाला कळलं असेल का, की मला काही कळलेलं नाही? की कळलं, आणि हा माणूस समजल्यासारखा वागतोय तेवढं पुरे, असं तुम्ही ठरवलंत? हे विचारायचं राहून गेलं.

त्या दिवसापासून तुम्ही पाउलचं नाव घेतलं नाहीत. माझ्या महाप्रसादाचं पत्र नाही, माझ्या महाप्रसादाला पेरू आवडले असते, असंच म्हणायचात.

पुढच्या उन्हाळ्यात आईनेच काढलं. आपण तिघं बिरशीला मामांच्या शेतावर गेलो होतो. तुम्ही बांधावर बसून आईला शेंगा सोलून देत होता. ती म्हणाली, तुमी दोघं महाप्रसाद काऊन नाही होत? पुरीहून मी आनलेला भात डबीत पडून हाये. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, मला एक आधीच आहे. आई म्हणाली, असू दे ना, एकच असावा असं कोनी सांगतलं? तुमचा चेहरा असा लाल झाला होता की मामांनी पाण्याचा लोटा पुढे केला. मी हो म्हणालो, तुम्ही हो म्हणालात. दिवाळी झाली की गावोगावी मंडईच्या जत्रा भरतात, त्या दिवसांत करायचं ठरलं.

त्याच भादव्यात लढाई लागली. इंग्रजांशी जर्मनांची लढाई, म्हणून हिंदुस्थानातला प्रत्येक जर्मन शत्रू. पोलीस आले तेव्हा तुम्ही इंजिनला तेल घालत होता. पुरं घालू द्या म्हणालात, आणि त्यांनी घालू दिलं. शेठजी गादीवरून उठले नाहीत. सगळे हमाल अंगणात येऊन उभे राहिले आणि मी त्यांच्यात उभा राहिलो, कुठे उभं राहावं ते न कळून. टांग्यात बसताना तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत आणि मोठ्याने म्हणालात, "येऊन राहिलो."

बरोबर म्हणालात. पहिल्यांदाच.

पंधरा दिवसांनी एक इंग्रज अधिकारी चौकशीला आला. जर्मनांमध्ये कोण नाझींचे आणि कोण त्यांना भिऊन पळालेले, हे ठरवायचं होतं. पळून आलेल्यांना सोडण्याचा विचार होता. बरोबर इकडचाच एक फौजदार होता. शेठजींनी सांगून टाकलं की बाबूला विचारा, तोच त्याच्याबरोबर असायचा. मला आनंद झाला, अंतोनसाहेब. देवाने संधी दिली असं वाटलं. धुतलेला कोट घालून मी त्या अधिकाऱ्यासमोर उभा राहिलो.

त्याने विचारलं, याचा जर्मनीत पत्रव्यवहार कुणाशी? मी म्हणालो, त्यांच्या महाप्रसादाच्या बहिणीशी. महाप्रसाद म्हणजे काय? झालं. माझी खोड. मी माझ्या उत्तम इंग्रजीत सगळं सांगितलं. दोन पुरुषांमधलं हे नातं लग्नाहून पक्कं असतं, देवासमोर बांधलेलं असतं, ते मरेपर्यंत सुटत नाही. या माणसाचं असं नातं एका पुरुषाशी होतं आणि तेवढ्यासाठी त्या दुष्ट सरकारने दोघांनाही तुरुंगात टाकलं, एकाला तर अजून सोडलं नाही. मग हा त्या सरकारचा माणूस कसा असेल, तुम्हीच सांगा. असं म्हणून मी थांबलो. वकिलासारखं बोललो असं मला वाटत होतं.

अधिकाऱ्याने फौजदाराकडे पाहिलं. मग एक ओळ लिहिली. मला उलटे कागद वाचायची सवय आहे. लिहिलं होतं की हा माणूस स्वदेशात अनैसर्गिक गुन्ह्यासाठी शिक्षा झालेला आहे, छळामुळे पळालेला निर्वासित म्हणून त्याला गणू नये.

बाहेर आल्यावर फौजदाराने मला बाजूला घेतलं. "बाबू, तुमी त्याले वाचवाले आले होते का बुडवाले?" मी म्हणालो, का, काय झालं? त्याने मला उघड्या शब्दांत सांगितलं. तुम्ही आणि पाउल एकमेकांचे काय होता ते सांगितलं, आणि तसल्या माणसांसाठी चौकीत जे शब्द वापरतात ते वापरून सांगितलं. शेवटी म्हणाला, "ते कलम आपल्याकडंही हाये. इथं सापडला असता तं इथंही गेला असता."

ज्या राज्याविरुद्ध सगळं जग लढायला निघालं आहे, त्याचा हा एक कायदा मात्र लढणाऱ्यांनाही मान्य होता. हे मला आज लिहिता येतं. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी फसलो. भर कचेरीत, धुतलेल्या कोटात, इंग्रज साहेबासमोर मी हसं करून घेतलं. आणि माझ्या आईने पुरीहून आणलेल्या भाताशी तुम्ही हा खेळ केलात. घरात तुमचा एक पेला होता. तो मी उचलून माळ्यावर टाकला. आईने विचारलं तर फुटला म्हणालो.

आणि मग मी तुम्हाला ते पत्र लिहिलं.

छावणीत पत्र इंग्रजीतच लिहावं लागे, म्हणून इंग्रजीत लिहिलं. माझ्या इंग्रजीचा मला अभिमान होता ना, एकही गोष्ट मोघम ठेवली नाही. तुमचा गुन्हा काय होता ते मला कळलं आहे, असं लिहिलं. त्या गुन्ह्याचं नाव लिहिलं. पाउलचं नाव लिहिलं. तुम्ही आमचा पवित्र शब्द बाटवलात, असं लिहिलं. मग पाकिटावर तुमचा कैदी नंबर आणि छावणीचा पत्ता वळणदार अक्षरात घातला आणि स्टेशनावर जाऊन स्वतः पेटीत टाकलं.

तुमचं उत्तर आलं. लहानसं होतं. मला ते पाठ आहे. तुम्ही लिहिलं होतंत: "तो शब्द मी तुमच्याकडून चोरला नाही, तुम्हीच मला दिला. त्याआधी माझ्याकडे पोलिसांचे शब्द तेवढे होते. तुम्हाला परत हवा असेल तर घ्या. मला मात्र पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या माणसाचं नातं काय ते सांगितलं होतं." त्याखाली आईला नमस्कार. आणि त्याखाली आणखी एक ओळ: "पुढचं पत्र जरा जपून लिहा. इथे माझ्या आधी दुसरे वाचतात."

दुसरे म्हणजे इंग्रज, असं मी समजलो. पत्रं तपासूनच देतात हे सगळ्यांना माहीत होतं. मी ते पत्र घडी करून ठेवलं आणि पाच महिने उत्तर दिलं नाही. रागावलेलो होतो, असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे पहिल्या महिन्यातच राग संपला होता. नंतर फक्त लाज होती, आणि लाजेने पत्र लिहायला जमत नाही. मी पेला माळ्यावरून काढला, धुतला, पुन्हा फळीवर ठेवला. आई म्हणाली, फुटला होता ना? 

मग मी अर्ज लिहिला. तुम्ही नाझींचे शत्रू आहात, त्यांच्याच माणसांत तुम्हाला ठेवणं म्हणजे तुमच्या जिवाला धोका आहे, निदान वेगळ्या बराकीत ठेवा, असा. शेठजींची सही असती तर वजन पडलं असतं. शेठजींनी अर्ज वाचलाही नाही. म्हणाले, "बाबू, लड़ाई का टाइम है. जर्मन का नाम भी मत लो." तीन वर्षं ज्या माणसाने त्यांची गिरणी कानाने सांभाळली त्याचं नाव. मी एकट्याची सही करून भंडाऱ्याला गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज घेतला आणि बाकावर बसायला सांगितलं. संध्याकाळी तो म्हणाला, नागपूरला जाईल. दीड महिन्यांनी मी पुन्हा गेलो, तर म्हणाला, विचार करण्यासारखं काही नाही असा शेरा आला. कुणी लिहिला? ते त्याला माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने मला बाकावरही बसू दिलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. माझ्यासारखाच बाबू होता, वरून आलेलं खाली सांगणारा.

माफीचं पत्र मात्र मी टाकलं. ते तुम्हाला मिळालं का? डॉक्टरांच्या पत्रावरून तारखा जुळवून पाहिल्या मी. जुळत नाहीत. बहुतेक तुम्ही तेव्हा छावणीच्या इस्पितळात होता.

डॉक्टरांनी सगळं लिहिलं आहे. कुंपण इंग्रजांचं होतं, पण कुंपणाच्या आत बराकीवर राज्य नाझींचं होतं. भांडण बाहेर येत नाही तोवर इंग्रज तिकडे बघत नसत. सुरुवातीला ते तुम्हाला नुसतेच दूर ठेवत, हा ज्यूशेजारी झोपतो म्हणून. टपाल वाटायचं काम त्यांच्यातल्याच एकाकडे होतं. पाकिटं सरकारने आधीच उघडलेली असायची. एक दिवस त्याने एक पत्र तुम्हाला देण्याआधी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं, इंग्रजीतून आणि मग जर्मनमधून. त्यानंतर तुमच्याबरोबर टेबलावर कुणी बसलं नाही. तुमच्या उशीवर रोज कुणीतरी विटेच्या तुकड्याने तिकोन काढून ठेवी आणि तुम्ही रोज तो झटकून टाकायचात. तुम्ही दोनदा तक्रार केलीत, आणि तक्रार घेणारा गोरा साहेब हसला. नळावर त्यांनी तुम्हाला गाठलं तेव्हा तिथे चाळीस माणसं आंघोळ करत होती, आणि कुणी काही पाहिलं नाही. बरगड्या मोडल्या, मग ताप आला. कागदावर न्यूमोनिया आहे.

ते पत्र कुणाचं होतं, डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही सांगितलं नाहीत. डॉक्टर लिहितात, तो निर्दय माणूस कोण होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण गोंदियाच्या तुमच्याबद्दल मात्र अंतोन नेहमी प्रेमाने बोलत.

साहेब, हे वाक्य मी परत वाचू शकलो नाही.

तुम्ही मला वाचवलंत, का? तिथे, त्या खाटेवर, बरगड्या मोडलेल्या असताना तुम्हाला माझी अब्रू राखायचं काय अडलं होतं? निदान एका माणसाला तरी सांगायचं, की हे गोंदियाच्या बाबूने केलं. मग डॉक्टरांनी मला शिव्या घातल्या असत्या आणि मला त्या खाता आल्या असत्या. आता मी कुणाकडे जाऊ? फौजदाराकडे? तो म्हणेल, तुम्ही कुठला कायदा मोडला? पाउलकडे? ते असले तर त्या दुसऱ्या तारेआड असतील. तुम्ही गेलात हे त्यांना कोण कळवणार, आणि कुठल्या पत्त्यावर? बहिणीचा पत्ता तुमच्या पेटीत होता, पेटी पोलिसांनी नेली. फोटोही तिच्यातच गेला. माझ्याकडे तेवढी काठी आहे. काल मी ती चालू यंत्राला लावून कान टेकला. नुसती घरघर ऐकू आली. काय ऐकायचं असतं ते तुम्ही मला नीट शिकवलं नव्हतं, की मीच लक्ष दिलं नव्हतं, कोण जाणे.

डॉक्टरांच्या पत्राच्या शेवटी एक प्रश्न आहे. शेवटचे दोन दिवस, इस्पितळात डॉक्टर तुमच्याजवळ बसत तेव्हा, तुम्ही जर्मनही बोलत नव्हता आणि इंग्रजीही नाही. एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता. डॉक्टरांनी ते जसं ऐकलं तसं रोमन अक्षरांत लिहून पाठवलं आहे, आणि ही कुठली भाषा, याचा अर्थ काय, असं विचारलं आहे. मला ती अक्षरं लागेनात. गिरणीतल्या सगळ्यांत जुन्या हमालाला मी ती जशीच्या तशी वाचून दाखवली. तो डोक्यावरचं पोतं तसंच ठेवून म्हणाला, "हे तं आपलंच हाये बाबूजी. येऊन राहिलो म्हनते."

तुम्ही ते कुणाला म्हणत होता? मला की पाउलना? पाउलना म्हणत असाल अशी मी आशा करतो. माझ्या वाट्याला ते यायला नको.

मंगळवारी संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. पत्राचंही सांगितलं. तुमचं आणि पाउलचं नातं काय होतं तेही, फौजदाराचे शब्द न वापरता. पुरुषाचं पुरुषावर प्रेम होतं, नवराबायकोचं असतं तसं, असं म्हणालो. एवढं साधं वाक्य मला आधी सुचलं नव्हतं.  आई रडली, पण माझ्या जवळ आली नाही, आणि ते बरोबरच होतं. मग उठून तिने देवापुढची डबी आणली. म्हणाली, "बोलनं झालं होतं ना तुमचं? मंग सुतक धर." मी म्हणालो, अगं, भात खाल्ला नव्हता, ते झालंच नाही. आणि मी त्यांच्याशी असं वागल्यावर मला हक्क काय? ती म्हणाली, "हक्काचं मी कुठं म्हनली? धराच लागते."

तिने एक दाणा माझ्या हातावर ठेवला. दगडासारखा कडक झाला होता. मी सवयीने दाताखाली धरला आणि तो कट्ट वाजला. दुसरा दाणा डबीतच आहे. तो तुमचा.

तर आज सकाळी नाऊने माझं डोकं पुसलं, अंगावरचं फडकं झटकलं आणि म्हणाला, आता सांगा जी. खरं सांगायचं तर किती सांगावं लागलं असतं. एक जर्मन, एक पियानो लावणारा, दोन सरकारं, एक कलम, एक पत्र. आणि गावात तुमचं नाव आता कुणी घेत नाही. बिरशीला मामांच्या शेजारची शेतं सपाट करून विमानं उतरवायची जागा होऊन राहिली आहे, पोलीस सारखे फिरतात, जर्मन म्हटलं की माणसं इकडेतिकडे बघतात.

मी म्हणालो, "माझा महाप्रसाद."

त्याने वस्तरा खाली ठेवला आणि हात जोडले. कोण, कुठला, नाव काय, काही विचारलं नाही. महाप्रसादाचं नाव कुणी विचारत नाही, कारण ते घ्यायचं नसतं. ज्या शब्दाने मी तुम्हाला तारेआड अडकवून ठेवलं, त्या शब्दापुढे इथला माणूस हात जोडून गप्प राहतो. थोड्या वेळाने त्याने एवढंच विचारलं, "दूर राहत होते का जी?"

"हो," मी म्हणालो. "पन येऊन राहिले होते."

या पत्राच्या सुरुवातीला मी तुमचं नाव लिहिलं. मध्येही दोनदा आलं. आता पुन्हा माझ्या तोंडी येणार नाही. मला माफ करा असं म्हणत नाही, ते तुम्ही आधीच करून बसला आहात आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

सीताराम, महाप्रसाद.